धूर तोच, रात्र वेगळी

[पहाट. कारखान्याचं धुराडं.]

रात्रपाळी अजून सुटलेली नाही. या धुराड्याकडे नीट पाहा. धूर थोडा वर चढतो, अडखळतो आणि छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. वर छत नाही. आहे ती उबदार हवा.

एरवी जसजसं वर जावं तशी हवा थंड होते, किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी. पण हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमीन भराभर निवते. तिला लागून असलेली हवा गारठते, उबदार थर वर राहतो. हीच तापमानाची विपरीतता. खालची थंड, जड हवा वर सरकतच नाही. उन्हाळी दुपारी धुराला दोन-दोन किलोमीटर उंचीची मोकळीक असते. अशा रात्री ती शे-दोनशे मीटरवर येते. धूर तेवढाच, मावायला जागा नाही.

आणि ऊन पडलं म्हणजे सुटका झाली, असंही नाही. तापलेली हवा घुसळू लागते आणि रात्रभर वर साचलेला धूर खाली खेचते. नेमकी मुलं शाळेला निघतात तेव्हा.

म्हणूनच प्रदूषणाच्या वर्षाच्या सरासरी आकड्यावर आमचा फारसा भरवसा नाही. दमेकऱ्याला गाठतात त्या अशाच चार रात्री. हवामानाच्या अंदाजावरून त्या आधी ओळखता येतात, त्या वेळेपुरत्या भट्ट्या मंद करता येतात.

उन्हाळ्यात वेगळंच घडतं. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि रसायनांच्या वाफा यांच्यापासून कडक उन्हात ओझोन तयार होतो. आकाश निळंभोर दिसतं, घसा मात्र खवखवतो.

पाऊस जाडी धूळ बसवतो. फुप्फुसात खोल शिरणारे बारीक कण मात्र थेंबांना बरेचसे चुकवतात.

[नदीचं खोरं. दाट धुकं.]

ऑक्टोबर 1948. अमेरिकेतलं डोनोरा. टेकड्यांमध्ये वसलेलं गाव, नदीकाठी पोलाद आणि जस्ताचे कारखाने. विपरीततेचं झाकण बसलं ते दिवसचे दिवस हललं नाही. शनिवारी शाळेचा फुटबॉल सामना झाला, प्रेक्षकांना खेळाडू धड दिसत नव्हते. 20 माणसं दगावली, हजारो आजारी पडली. जस्ताच्या भट्ट्या थंडावल्या त्या रविवारी सकाळी. त्याच दिवशी पाऊस आला, धुकं विरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखाने पुन्हा सुरू झाले.