पडद्यावर मुंग्या येण्याआधी

श्रोतेहो, २०१२ सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस आठवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. २४ तारखेला उत्तर आयर्लंडमधले टीव्हीचे ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीचे, प्रक्षेपण थांबले आणि ब्रिटनचे डिजिटल स्थित्यंतर पुरे झाले. ३१ तारखेच्या मध्यरात्रीपासून मुंबईत केबलवर ॲनालॉग वाहिन्या दाखवणे बेकायदा ठरले. तिकडे छपरावरच्या अँटेनाचा प्रश्न होता, तर आपल्याकडे गल्लीतल्या केबलवाल्याच्या वायरीचा. तरीही लोकांची तयारी कशी करावी, हा पेच दोन्हीकडे एकच होता.

ब्रिटनने सुरुवात केली ती कंब्रियातल्या व्हाइटहेवन या छोट्या गावापासून. १७ ऑक्टोबर २००७ रोजी तिथे फक्त बीबीसी टू ही एकच वाहिनी ॲनालॉगवरून काढली आणि बाकीच्या वाहिन्या पुढचे चार आठवडे तशाच चालू ठेवल्या. या योजनेतली चतुराई मला फार आवडते, कारण ज्याने जाहिरातींकडे दुर्लक्ष केले होते, त्याला एका वाहिनीवर मुंग्या दिसल्या की विषय आपोआप कळत होता आणि हातात महिनाभराचा अवधीही उरत होता. शिवाय पंचाहत्तरी गाठलेल्यांसाठी आणि अपंगांसाठी मदत योजना होती. तिच्यात घरी जाऊन यंत्र जोडून देण्याची आणि ते कसे वापरायचे हे दाखवण्याची सोय होती.

अमेरिकेला हा धडा जरा महागात मिळाला. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनमध्ये ८ सप्टेंबर २००८ रोजी चाचणी म्हणून ॲनालॉग प्रक्षेपण आधीच बंद केले गेले. तारीख बहुतेकांना ठाऊक होती, पण मदतीसाठी फोन येत राहिले ते दुसऱ्याच कारणांसाठी. बदलपेटी, म्हणजे डिजिटल संकेत जुन्या टीव्हीवर दाखवणारे यंत्र, आणूनही वाहिन्या कशा शोधायच्या हे काहींना उमगत नव्हते, तर काही घरांत जुन्या अँटेनावर नवे संकेत पोहोचतच नव्हते. बदलपेटीसाठी सरकार घरटी चाळीस डॉलरची दोन कूपन देत होते. त्यांचा निधी अपुरा पडला, प्रतीक्षायादी लागली आणि १७ फेब्रुवारी २००९ ही देशव्यापी मुदत १२ जूनपर्यंत पुढे ढकलावी लागली.

मुंबईला तर तारखा पुढे जाण्याची सवयच होती. २००३ साली सेट-टॉप बॉक्सची घोषणा होऊन ती बारगळली होती. २००६च्या अखेरीस शहराच्या दक्षिण भागात ती व्यवस्था लागू झाली, पण बाकीची मुंबई जुन्याच वायरीवर राहिली. २०१२ मध्येही आधी ३० जून ठरला होता. त्यामुळे पडद्याखाली सरकत्या पट्टीत सूचना येत असतानाही ‘बघू, आणखी मुदत मिळेल’ असे लोक म्हणत, आणि अनुभव पाहता त्यात त्यांचे काही चुकत नव्हते.

त्याहून मोठी अडचण निरोप्याची होती. ही बातमी घरोघर पोहोचवणार कोण, तर केबलवाला. आणि डिजिटल व्यवस्थेत प्रत्येक पेटीची नोंद होणार असल्यामुळे, आजवर वरच्या कंपन्यांना कमी दाखवलेल्या जोडण्यांचा खरा आकडा उघडा पडणार होता तोही त्याचाच. अशा माणसाने उत्साहाने समजावून सांगावे, ही अपेक्षाच भाबडी होती. पेट्या बसल्या, पण कोणत्या वाहिन्या हव्यात हे लिहून घेणारे ग्राहकांचे अर्ज मागे राहिले, आणि २०१३ मध्ये ते भरून घेण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला तगादा लावावा लागला.

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या माझ्या मावशीकडे पेटी बसवणारा मुलगा दहा मिनिटांत काम उरकून गेला. संध्याकाळी मी गेलो, तेव्हा पेटी चालू होती, पण टीव्ही एव्हीवर, म्हणजे पेटीकडून चित्र घेणाऱ्या जोडणीवर, लावलेला नसल्याने पडदा निळा होता आणि मावशी दोन्ही हातांत दोन रिमोट धरून बसली होती. ‘अरे, यातला आवाजाचा कुठला आणि चॅनलचा कुठला?’ हा तिचा प्रश्न होता आणि सरकारी जाहिरातीत त्याचे उत्तर कुठेच नव्हते. आम्ही एका रिमोटला लाल दोरा बांधला. तिला पूर्वी सह्याद्रीचा एक आकडी क्रमांक पाठ होता; आता तो तीन आकडी झाला होता, म्हणून तिच्या पाच-सहा नेहमीच्या वाहिन्यांचे क्रमांक मी ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला अडकवले. काही महिन्यांनी केबलवाल्याने न कळवता सगळे क्रमांक बदलले, तेव्हा मावशीने मला बोलावले नाही. तिने तो पुठ्ठा उलटा केला आणि एकेक वाहिनी लावून पाहत मागच्या बाजूला नवे क्रमांक स्वतःच लिहून काढले.