लेनाचा बर्फ आधी कुठे फुटतो?

[पडद्यावर नकाशा : बैकाल सरोवर ते लाप्तेव समुद्र]

सैबेरियातली लेना नदी उगम पावते बैकाल सरोवरालगतच्या डोंगरांत. सरोवर इतकं जवळ, तरी तिचं पाणी तिकडे जात नाही. सुमारे ४,३०० किलोमीटर वाहून ते आर्क्टिकमधल्या लाप्तेव समुद्राला मिळतं. नकाशावर दिशा नीट बघा : दक्षिणेकडून उत्तरेकडे. लेनाचे पूर समजायचे असतील तर सुरुवात इथूनच करावी लागते.

[बर्फ फुटतानाचा आवाज]

ऊब दक्षिणेत आधी पोचते. वरच्या खोऱ्यात बर्फ फुटून वाहू लागतो, तेव्हा मुखाकडे नदी अजून घट्ट गोठलेली असते. तिथे जून उजाडावा लागतो. खोऱ्यातली बरीचशी जमीन आत बारमाही गोठलेली, त्यामुळे वितळलेलं पाणी मुरत नाही, थेट पात्रात उतरतं. त्याबरोबर आलेले बर्फाचे तुकडे वळणावर, बेटांमधल्या अरुंद फाट्यांत किंवा उथळ जागी अडकतात, एकमेकांवर चढतात. बांधच तयार होतो. मग त्याच्या वरच्या अंगाला पाणी भराभर चढतं.

मे २००१ मध्ये लेनाकाठच्या लेन्स्क शहराच्या खालच्या अंगाला असाच बांध तयार झाला. विमानांतून बॉम्ब टाकून तो फोडावा लागला. पण हजारो घरं उद्ध्वस्त झाली होती.

म्हणून खरी तयारी नदी गोठलेली असतानाच करतात. धोक्याच्या जागी यंत्राने बर्फात लांब चिरा पाडतात, म्हणजे तो तिथे लवकर मोडतो. काही ठिकाणी कोळशाची भुकटी किंवा वाळू पसरतात. काळा पृष्ठभाग ऊन शोषतो. वरून ताजं हिम पडलं, की भुकटी झाकली जाते आणि मेहनत वाया जाते.

[याकुत्स्क, हिवाळा]

याकुत्स्क शहर डाव्या तीरावर, रेल्वे स्थानक उजव्या तीरावर, आणि मध्ये पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच रस्ता. त्यावरचं हिम आधी हटवतात, कारण ते गोधडीसारखं थंडी अडवतं आणि खाली बर्फ जाड होत नाही. गाडी जोरात हाकली तर बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि बर्फाला तडे जातात. म्हणून वेग कमी, दोन वाहनांत अंतर जास्त. शरद आणि वसंतात काही आठवडे बोटही नाही, रस्ताही नाही. तेव्हा हवेच्या गादीवर चालणाऱ्या बोटींचाच आधार.

[त्रिभुज प्रदेश, आकाशातून]

इथे स्तोल्ब बेटापाशी नदी फाट्यांत विभागते. त्यातल्या बिकोव्स्काया फाट्यातून जहाजं तिक्सी बंदराकडे जातात. जूनमध्ये मोकळा झालेला हा फाटा ऑक्टोबरात पुन्हा गोठू लागतो.