पॅड बदलणं अर्धं काम, पिन मोकळी करणं उरलेलं

(दृश्य: घाटकोपर, एलबीएस मार्ग. सकाळची वेळ, गाडीला गाडी लागलेली.)

ऐका. रिक्षांचे हॉर्न, बसचा फुस्सकन सुटणारा एअर ब्रेक, आणि या सगळ्यातून येणारी एक बारीक किर्र. हा आवाज समोरच्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकातून येतोय. बऱ्याच ब्रेक पॅडना कडेला एक छोटी पोलादी पट्टी असते. पॅडचा मसाला, म्हणजे घासून गाडी थांबवणारा थर, संपत आला की ती पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि ओरडते. ती मुद्दाम तशीच बसवलेली असते. पण काचा वर, एसी चालू, गाणी चालू. आत बसलेल्याला ऐकू येणार कसं?

एक टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, की साधारण १४० किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये तयार होते. घरातल्या चौघांच्या चहाचं आधण उकळीला यावं, एवढी. मुंबईत वेग कमी असतो हे खरं, पण सायनपासून मुलुंडपर्यंत पाय ब्रेकवरून निघतो किती वेळ? त्यात ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढचे पॅड आधी संपतात.

नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की बदलायचा. चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून बघता येतो, पण तिथून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड दिसत नाही, आणि बऱ्याचदा दगा तोच देतो.

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग. रविवार, दुपार.)

पॅड घरीच बदलायचे, तर ते घेताना दुकानदाराला नुसतं मॉडेल सांगून भागत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जा नाहीतर ऑपेरा हाऊसला, आरसीवरचा चेसिस नंबर दाखवा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या सालांत वेगवेगळे पॅड असतात. आणि बदलायचे ते डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम.

जागा सपाट हवी. पोडियमच्या उतारावर हे काम करायचं नाही, कितीही छोटं वाटलं तरी. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये टाका, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावा. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट थोडे ढिले करून घ्या. मग जॅक, आणि जॅकच्या शेजारी जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारा पक्का टेकू. गाडीबरोबर मिळणारा जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. स्टँड नसेल तर आज काम थांबवा. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

(दृश्य: कॅलिपर, अगदी जवळून.)

हा कॅलिपर, दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा. मागून दोन बोल्ट, बऱ्याच छोट्या गाड्यांना १४ नंबरचा पाना लागतो. खालचा काढला की कॅलिपर वर फिरतो. तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. रबरी होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळत ठेवला तर होज आतून फाटतो आणि बाहेरून काही कळत नाही.

आता निघालेले पॅड शेजारी शेजारी ठेवून बघा. बाहेरच्यावर ४ मिलिमीटर मसाला आहे. आतल्यावर जेमतेम १, तोही एका बाजूला तिरका. एकाच चाकात, एकाच पायाखाली झिजलेले हे दोन पॅड आहेत. मग हा फरक आला कुठून?

अशा कॅलिपरमध्ये पिस्टन, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन गाईड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली की सरकणं बंद, आणि सगळा मार आतल्या पॅडवर. मुंबईत पिन अडकायला निमित्त लागत नाही. चार महिने पाऊस, रस्त्यावर तुंबलेलं गढूळ पाणी, वर्षभर खारा वारा. पिनेवरच्या रबरी टोपीला बारीकशी चीर गेली की पाणी आत शिरतं, ग्रीस वाळतं, गंज धरतो.

(दृश्य: पिन बाहेर ओढताना.)

ही बघा. अर्धी चकचकीत, अर्धी तांबूस, आणि मध्ये वाळलेल्या ग्रीसचा काळा थर. माझ्या मते सगळं काम इथेच आहे. पॅड काढून पॅड घालणं दहा मिनिटांत होतं, आणि घाईच्या दिवशी तेवढंच केलं जातं. अडकलेल्या पिनेवर नवा पॅड घातला तर तोही असाच झिजणार. मजुरीचे थोडे पैसे वाचतात, पण घरी काम करण्याची खरी कमाई ही की पिनेवर हवा तेवढा वेळ घालवता येतो.

ब्रेक क्लीनरने पिन धुवा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. खोल खड्डे पडले असतील तर नवी पिन घ्या. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं, पातळ थरात. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, अदलाबदल नको. बोटाने ढकलल्यावर पिन अलगद आत-बाहेर झाली, की समजा जमलं.

ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका, हवा मारू नका. पूर्वीच्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि आजची धूळही फुफ्फुसांना चांगली नाही. क्लीनरने भिजवा, फडक्याने पुसा. डिस्कवरून नख फिरवा. खोल चर लागले, किंवा तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असेल, तर डिस्कही बदलायची.

आता पिस्टन मागे. बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडा, जुना पॅड पिस्टनवर ठेवा आणि सी क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा सी आकाराचा शिकंजा) हळूहळू आवळा. डबीतलं ऑइल वर चढतं. सांडलं तर गाडीचा रंग उतरवतं, म्हणून शेजारी पाणी आणि फडकं हवं. मागे डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांचे मागचे पॅड मात्र गॅरेजवरच सोडा.

नवे पॅड, कॅलिपर, बोल्ट, चाक. डबीचं झाकण बंद. गाडी जमिनीवर आल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याइतके घट्ट.

"मामा, पेडल पार खाली गेलं!" गाडीत बसून ब्रेक दाबणारा भाचा ओरडतो.

"जाणारच. पिस्टन मागे ढकललाय ना आपण. दाबत राहा, कडक होईल."

"झालं कडक."

"आता ऑइलची पातळी बघू. तोवर गाडी जागची हलवायची नाही."

(दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल. रविवार, पहाट.)

नव्या पॅडला डिस्कशी जुळायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ताशी ५० वरून १० पर्यंत हलक्या ब्रेकने यायचं, मध्ये ब्रेक थंड होऊ द्यायचे, असं आठ-दहा वेळा. पूर्ण थांबून पेडल दाबून ठेवायचं नाही. सुरुवातीला थोडा वास येईल. गाडी एका बाजूला ओढली गेली, तर घरी परतून पिना पुन्हा बघा.

पहिले काही दिवस पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. आणि ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.