फॉर्म्युला बरोबर, तरी इलेक्ट्रिक फील्डचं उत्तर शंभरपट का चुकतं?

नमस्कार! कमेंट्समध्ये तोच प्रश्न परत परत येतोय. नाशिकच्या कॉलेज रोडला क्लास लावलेल्यांचाही तोच, सिन्नर-निफाडला घरी बसून सीईटीची तयारी करणाऱ्यांचाही तोच.

फॉर्म्युला पाठच आहे: ई बरोबर के क्यू भागिले आर वर्ग. ई म्हणजे फील्ड, दर कूलोम चार्जवर लागणारा फोर्स; क्यू म्हणजे चार्ज, आर म्हणजे त्यापासूनचं अंतर. के म्हणजे ९ गुणिले १० चा ९ घात. पुढे जाऊ.

चार्ज ५ नॅनोकूलोम (नॅनो म्हणजे १० चा मायनस ९ घात), अंतर ३ सेंटिमीटर. वरती १० चा ९ घात आणि मायनस ९ घात कटले, उरले ४५. घोळ होतो तो खाली. ३ सेंटिमीटर म्हणजे ३ गुणिले १० चा मायनस २ घात मीटर. तुम्ही ३ चा वर्ग ९ करता आणि घात तसाच सोडता! अरे, वर्ग अख्ख्या कंसाचा आहे. घात मायनस ४ होतो. उत्तर ५०,००० न्यूटन प्रति कूलोम. घात सोडलात तर ५००.

नाही पटलं? क्षेत्रफळासारखं बघा. १ चौरस मीटरमध्ये चौरस सेंटिमीटर किती? १०० नाही, १०,०००. मग खाली ९ भागिले १०,००० च येणार.

अजून एका बाजूने. याच चार्जपासून १ मीटरवर फील्ड ४५. ३ सेंटिमीटर म्हणजे साधारण ३३ पट जवळ, म्हणून फील्ड ३३ च्या वर्गाइतकं, जवळपास ११०० पट. ४५ गुणिले ११०० म्हणजे ४९,५००. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, तिथे हा ताळा फार कामाचा.

आणखी एक ताळा. कोरडी हवा साधारण ३० लाख न्यूटन प्रति कूलोमला दम सोडते, म्हणजे तिच्यातून ठिणगी पडते. निफाडच्या थंडीत स्वेटर काढताना चट्‌ चट्‌ ठिणग्या उडतात, त्या त्यामुळेच. या गणितात नॅनोऐवजी मायक्रो (१० चा मायनस ६ घात) धरलात तर उत्तर ५ कोटी येतं. एवढं फील्ड हवेत टिकतच नाही, तेव्हा युनिट परत तपासा.

‘टेस्ट चार्ज, म्हणजे फील्ड मोजायला त्या जागी ठेवलेला चार्ज, किती घ्यायचा?’ गणितात कितीही. फोर्सला त्यानेच भागतो, तो कटतो.

आणि मायनस चार्ज? फॉर्म्युल्यात मायनस घालूच नका. मायनस २ मायक्रोकूलोम, २० सेंटिमीटर: १८,००० भागिले ०.०४, म्हणजे साडेचार लाख. चिन्हावरून फक्त दिशा ठरवायची: बाण चार्जकडे.