आधी फोन कुणाला?

(दृश्य : सुटलेली शाळा. कार्यालयात एकच दिवा.)

मुलं गेली, शिक्षक गेले. मुख्याध्यापिका अजून खुर्चीतच आहेत. समोर एका पालकाचं तक्रारपत्र. तीनदा वाचून झालंय. चौथ्यांदा वाचण्याऐवजी त्या फोन उचलतात.

कुणाला?

वरिष्ठ कार्यालयाचा नंबर भिंतीवरच चिकटवलाय. पण तिकडे विचारायचं म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं स्वतःच कळवायचं, आणि आपलं मूल्यमापनही तिथेच व्हायचं. शिक्षकांना विचारावं, तर तक्रार त्यांच्यातल्याच एकाबद्दलची. खेड्यातल्या शाळेत या पदावर माणूस एकटाच. त्याच्यासारखा दुसरा थेट पुढच्या गावात.

(दृश्य : टेबलावर मोठा कागद. लाल आणि निळं पेन.)

असे फोन कागदावर उतरवता येतात. एक मुख्याध्यापक, एक ठिपका. प्रत्येकाला प्रश्न दोनच : कामात अडलात तर कुणाला विचारता? आणि मित्र कुणाला मानता? पहिल्याचा बाण लाल, दुसऱ्याचा निळा. बाणाला टोक हवंच, कारण मी तुम्हाला विचारतो म्हणून तुम्ही मला विचाराल, असं थोडंच आहे! ही रीत मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांची. 1934 सालच्या पुस्तकात त्यांनी शाळकरी मुलांच्या दोस्तीचे असे नकाशे छापले होते. आता पाळी हेडमास्तरांची.

(दृश्य : पेनाचं टोक, अगदी जवळून.)

इथे बघा. लाल रेघ निळीवर चढली आणि शाई जांभळी झाली. सल्लागारही तोच, मित्रही तोच. अनिश्चिततेच्या काळात माणसं अशाच भरवशाच्या नात्याकडे वळतात, असं संस्थांमधल्या नात्यांचे अभ्यासक डेव्हिड क्रॅकहार्ट यांनी 1992 मध्ये मांडलं.

पण जिवलगांना जे ठाऊक, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. नवी माहिती येते तोंडओळखीच्या माणसांकडून. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 1973 सालचा गाजलेला लेख त्यावरच आहे.

(दृश्य : मुख्याध्यापकांची बैठक संपलीय. गाड्यांपाशी घोळका.)

विषयपत्रिकेत नसलेलं सगळं इथे, उभ्या-उभ्या. एकीनं वही उघडलीय, दुसरी तिच्या वेळापत्रकाचा फोटो काढतेय. मघाच्या दोन तासांत कुणी पेन उघडलं नव्हतं. या घोळक्यासाठी बैठकीतच अर्धा तास राखून ठेवायला कुणाची हरकत असावी, कळत नाही.

बदली झाली की ठिपका जातो, त्याचे बाणही जातात. नवा माणूस कोऱ्या कागदावर सुरुवात करतो.

(दृश्य : पुन्हा तेच कार्यालय.)

फोन अठरा मिनिटं चालला. तक्रारीवर बोलणं झालं त्यातली चार. बाई पत्राची घडी घालतात, दिवा मालवतात, कुलूप लावतात.