हौशी रॉकेटला वाळवंटच का लागतं?

नमस्कार मंडळी! २ एप्रिल २०२२ची संध्याकाळ विदर्भात अनेकांना आठवत असेल. आभाळातून जळत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. अभ्यासकांच्या मते ते चिनी रॉकेटचं होतं.

आज विषय आहे हौशी लोकांची हाय-पॉवर रॉकेटं. सुरुवात मुद्दाम खाली पडण्यापासून केली, कारण या छंदाचा सगळा जीव तिथंच आहे.

अमेरिकेत नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात लोक स्वतः बांधलेली रॉकेटं घेऊन जमतात. ते एक कोरडं पडलेलं तळं आहे. सपाट, ना झाड, ना घर. २००४मध्ये तिथूनच एका हौशी गटाचं रॉकेट १०० किलोमीटरच्या वर, म्हणजे अंतराळात गेलं.

मोटरला, म्हणजे जळून रॉकेट वर ढकलणाऱ्या इंधनाच्या नळीला, ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि दर अक्षराला एकूण आवेगाची (किती जोरानं आणि किती वेळ ढकलते त्याची) मर्यादा दुप्पट होते. 'एच'पासून पुढे हाय-पॉवर. तिथं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळवायला रॉकेट धड खाली उतरवूनही दाखवावं लागतं. नुसतं वर गेलं, तर नापास! मला हा नियम फार आवडतो.

उतरवतात कसं? आतलं यंत्र हवेचा दाब मोजत राहतं, त्यावरून उंची कळते. शिखर आलं की लहान पॅराशूट उघडतं. रॉकेट वेगानंच खाली येतं, त्यामुळे वाऱ्यानं दूर वाहत नाही. जमीन दोन-तीनशे मीटरवर आली की मोठं पॅराशूट. एक यंत्र दगा देईल म्हणून मोठ्या रॉकेटांत दुसरं असतं. दोन्ही फसली, तर रॉकेट भाल्यासारखं जमिनीत घुसतं.

तुम्ही म्हणाल, पऱ्हाटी उपटली की आपलीही वावरं मोकळी असतात. असतात, पण धुऱ्यावर माणसं असतात, गुरं चरत असतात, वरून विजेच्या तारा जातात. आणि पोरांनो, फटाक्यांची दारू काढून घरी मोटर भरू नका. बोटं जातात, डोळे जातात. परवान्याशिवाय स्फोटकं बनवणं गुन्हा आहे. ते परवाने बघणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

शाळेच्या मैदानावर पाण्याचं रॉकेट उडवा. कोल्ड्रिंकची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप. पंपाला लांब नळी लावा, डोळ्यांवर चष्मा हवा, सोबत गुरुजी हवेत. आणि त्यालाही पॅराशूट बसवा. ते शिखरावर उघडायचं कसं, हे पुढच्या व्हिडिओत बांधून दाखवतो.