रिपोर्टवर ओ आला

(परळच्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त थोडं नीट केलंय.)

नमस्कार. मी २६ वर्षं ब्लड बँकेत काम केलं, इथेच परळला, त्यामुळे आनुवंशिकता म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर टेस्ट ट्यूबच येते. पण सुरुवात बारशापासून करूया.

आपल्याकडे बाळ घरी आलं की वाटण्या सुरू होतात, नाक आत्याचं, कपाळ आजोबांचं, आणि डोळे घारे असले तर लगेच कुणीतरी म्हणतं पणजीवर गेलीये. मला हे ऐकायला फार आवडतं कारण त्यात एक खरा प्रश्न आहे. मधल्या दोन पिढ्यांत कुणाचेच डोळे घारे नव्हते, मग पणजीचे डोळे एवढी वर्षं होते कुठे?

जीन म्हणजे पेशीने एखादं प्रोटीन कसं बनवायचं ते सांगणारा मजकूर. बहुतेक जीन्सच्या आपल्याकडे दोन कॉप्या असतात, एक आईकडून आलेली, एक बाबांकडून, आणि त्या दोन्हींत एखाददुसरं अक्षर वेगळं असू शकतं, त्यालाच आपण व्हेरियंट म्हणतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने मटारावर जे प्रयोग केले आणि १८६६ मध्ये छापले त्यात गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा होता. दोघांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे गोल, सुरकुती गायब. त्या गोलांपासून पुढची पिढी घेतली तर ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तिनास एक.

आता सुरकुती पडते का, हे कळायला शंभरावर वर्षं गेली. दाण्यात साखरेपासून स्टार्च बनवताना एक एन्झाइम, म्हणजे पेशीतलं रासायनिक काम घडवणारं प्रोटीन, लागतं, सुरकुतलेल्या दाण्यात त्या एन्झाइमच्या जीनमध्ये डीएनएचा एक जादा तुकडा घुसलेला असतो म्हणून ते बनत नाही, साखर जास्त राहते, साखरेमुळे दाणा पाणी जास्त ओढून फुगतो आणि वाळला की त्याची साल चुरमडते. एक कॉपी चांगली असली तरी पुरेसं एन्झाइम बनतं आणि दाणा गोलच राहतो. पुस्तकात याला प्रभावी आणि अप्रभावी म्हणतात आणि मुलांना वाटतं प्रभावी म्हणजे ताकदवान किंवा जास्त लोकांत असणारा, तसं काही नाहीये. ओ रक्तगट अप्रभावी आहे आणि तरी आपल्या देशात ओवाले किती आहेत बघा. न दिसणारी कॉपी हरलेली नसते, ती शाबूत असते आणि पुढच्या पिढीत जायची तिची शक्यता दुसरीइतकीच, निम्मी.

आता रक्ताकडे येते. एक जोडपं आमच्याकडे आलं होतं, मुलगी १९ वर्षांची, ऑपरेशन होतं, रक्त लागणार होतं. वडील एबी, आई बी, आणि आदल्या एका लॅबच्या रिपोर्टवर मुलीचा ग्रुप ओ. वडलांना शाळेतला तक्ता पाठ होता की एबीला ओ मूल होत नाही. तो माणूस काहीच बोलत नव्हता आणि आजी मात्र सगळ्यांसमोर बोलत होती, सुनेला काय काय म्हणाली ते मी इथे सांगणार नाही. त्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, तो चेहरा मी विसरलेले नाही.

आम्ही ओच्या बॅगा क्रॉसमॅचला लावल्या, म्हणजे मुलीच्या रक्ताशी जुळतात का ते बघितलं, एकामागून एक सगळ्या इनकम्पॅटिबल. मग रिव्हर्स ग्रुपिंग केलं, म्हणजे मुलीचं सीरम, रक्तातला पेशी नसलेला पातळ भाग, ग्रुप माहीत असलेल्या पेशींवर टाकून बघितलं, तर त्याने ओ सेल्ससुद्धा धरले, गुठळ्या झाल्या. ओच्या माणसाचं सीरम असं करत नाही, म्हणून अँटी-एच, म्हणजे पेशीवरच्या एच नावाच्या खुणेला चिकटणारं द्रव्य, लावून बघितलं तर तिच्या पेशींवर काहीच नाही. बॉम्बे ग्रुप!

हे नाव आपल्याच शहराचं. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेल्या अशा रक्ताची माहिती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली. भारतात साधारण १०,००० माणसांत एक असं सांगतात, युरोपात १० लाखांत एक.

होतं असं की लाल पेशीवर आधी एच नावाचा पाया बनतो, फ्यूकोज नावाची साखर जोडून, आणि ते काम करणारा जीन १९ नंबरच्या गुणसूत्रावर असतो. ए आणि बी ठरवणारा जीन वेगळाच, ९ नंबरच्या गुणसूत्रावर, तो त्या एचवर आणखी एक साखर चढवतो, ए असेल तर एक प्रकारची, बी असेल तर दुसरी, ओ असेल तर काहीच नाही, नुसता एच राहतो. आता एचच्याच दोन्ही कॉप्या बिघडलेल्या आल्या तर ए-बीचा जीन अगदी धडधाकट असला तरी तो साखर चढवणार कशावर? नेहमीच्या टेस्टमध्ये असं रक्त ओसारखंच दिसतं. आई आणि वडील दोघांकडे एचची एक चांगली, एक बिघडलेली कॉपी होती, म्हणून दोघांचे ग्रुप नीट दिसत होते, मुलीला मात्र दोघांकडून बिघडलेलीच मिळाली, चारात एक शक्यता. मी हे त्या आजींना कागदावर काढून दाखवलं, दोनदा काढलं, आणि मुद्दाम सगळ्यांसमोरच काढलं.

अशी दुर्मिळ कॉपी पिढ्यान्‌पिढ्या एकेकट्याने फिरत राहते आणि कुणाला पत्ता नसतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे काही घरांत अजून पद्धत आहे, तिथे एकाच आजी-आजोबांकडची कॉपी दोन्ही बाजूंनी येऊन भेटू शकते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं तसंच, कॅरिअर, म्हणजे एकच बिघडलेली कॉपी असलेला माणूस, धडधाकट असतो, पण दोघंही कॅरिअर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, आणि प्रत्येक म्हणजे प्रत्येक, पहिल्याला झाला म्हणून पुढची तीन सुटली असं अजिबात नसतं. लग्नाआधी एचबी ए-टूची, म्हणजे थॅलेसेमियाचे कॅरिअर ओळखणारी, एक टेस्ट करून घ्या, मी हात जोडून सांगते.

उंची, वर्ण यात मात्र असे साधे तक्ते चालत नाहीत, उंचीवर परिणाम करणारे व्हेरियंट हजारो आहेत, वर खाणंपिणं.

तर ती मुलगी. तिला बॉम्बे ग्रुपचंच रक्त मिळालं, ऑपरेशन झालं, पुढे लग्न झालं, नवरा ओ. बाळ झालं आणि बाळाचा ग्रुप आला ए. तिने मला फोन केला, घाबरलेली अजिबात नव्हती, नर्सला तिनेच समजावलं होतं. नवऱ्याकडून बाळाला चालणारा एच मिळाला, आणि ए होता तिच्या वडलांचा, एवढी वर्षं तिच्यात असून एकाही टेस्टमध्ये न दिसलेला. हे सगळं तिने आजीलाही सांगितलं म्हणे, आजी ९१ वर्षांच्या होत्या तेव्हा, त्यांनी सुनेला बोलावलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं.